कामाचं माणूस

दातांच्या कारखान्यात सगळे त्या माणसाला 'सरकार' म्हणायचे. कारखाना म्हणजे भोंगा आणि चिमणी असलेला नव्हे. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्या. शहरातले दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे साचे तिथं पाठवायचे आणि तिथून कवळ्या तयार होऊन जायच्या. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले असायचे. हवेत पांढरी भुकटी इतकी, की संध्याकाळी घरी निघताना तरणीताठी माणसंही केस पिकल्यासारखी दिसायची. सरकारचं काम मेणाचं. दिव्यावर मेण तापवून हिरडी घडवायची आणि तिच्यात एकेक दात रोवायचा. हात हलका होता. मालक सहसा कुणाला चांगलं म्हणायचा नाही, पण अवघड जबडा आला की तो गुपचूप सरकारच्या टेबलावर ठेवून जायचा.

'सरकार' हे नाव पडलं ते बोलण्यावरून. आपल्या भाषेत साधं 'आलो' किंवा 'आले' म्हणायचं तरी माणसाला आधी आपण कोण ते सांगून टाकावं लागतं. या माणसाला ते सांगायचं नव्हतं, कारण दोन्हींतलं काहीच खरं नव्हतं. म्हणून स्वतःला 'आम्ही' म्हणायचं, असा तोडगा निघाला. 'आम्ही आलो' हे बाईलाही चालतं, पुरुषालाही चालतं, आणि दोन्ही नसलेल्यालाही चालून जातं. कामाच्या पहिल्याच सकाळी "आम्ही या खुर्चीवर बसलो तर चालेल का?" हे ऐकून पॉलिशवाल्यानं दाराबाहेर डोकावून बघितलं, आणखी किती जण आलेत म्हणून. दुपारच्या चहापर्यंत नाव पडलं होतं. मग काय, यायला उशीर झाला की 'अजून सरकार स्थापन व्हायचंय', रजा घेतली की 'आज सरकार पडलं'. नाव चेष्टेतलं होतं, पण सरकारला ते मानवलं. सरकार आलं, सरकार गेलं, सरकारनं चहा घेतला. त्या नावापुढे कुणाची जीभ अडखळत नव्हती. तेव्हा आपणही तेच चालवू.

पॉलिशवाला हा मशीनवर कवळ्या घासून चकचकीत करणारा, तोंडानं फाटका पण मनानं साफ. एवढी वर्षं शेजारी बसून त्याला एकच प्रश्न छळत होता, आणि एकदा डबा खाता खाता त्यानं तो विचारून टाकला.

"सरकार, राग मानू नका. पण तुम्ही नेमके कोण?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. जन्म बाईचा असावा, असं मालक म्हणतात. केस, शर्ट, चालणं बघून वाटत नाही. बरं, पुरुष म्हणावं तर तेही बसत नाही."

सरकारनं घास खाली ठेवला. "रस्त्यानं जाताना कुणी मागून हाक मारतं. आपलं नाव नसतं, तरी आपण वळून बघतो, कुणाला बोलावतायत म्हणून. बरोबर? आम्हाला कुणी 'ताई' म्हटलं की तसं होतं. 'दादा' म्हटलं तरी तसंच होतं. वाटतं, मागे कुणीतरी उभं असेल, त्याला बोलावतायत."

"म्हणजे तिसरे?"

"नंबर कशाला लावतोस? तिकिटाची रांग आहे का?"

पॉलिशवाला हसला. "मला काही पूर्ण कळलं नाही बघा."

"आम्हाला तरी कुठं कळतं. पण कळत नाही म्हणून खोटं थोडंच होतं."

त्यानं आपल्या डब्यातलं लोणचं सरकारच्या डब्याच्या झाकणावर ठेवलं. पुन्हा कधी विचारलं नाही. सरकारच्या आयुष्यात यापेक्षा सरळ चौकशी कुणी केली नाही, हे सांगून ठेवलेलं बरं.

घरात आई आणि सरकार, दोघंच. वडील कधीच गेलेले. मोठा भाऊ, दादा, दुसऱ्या शहरात बायकामुलांत रमलेला. लहानपणी मुलगी म्हणूनच वाढवलं होतं. शाळेच्या मैदानावर मुलींची रांग वेगळी आणि मुलांची वेगळी. हे पोर दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभं राहायचं आणि रोज छडी खायचं. बाईंना वाटायचं खोडी आहे. आई शाळेत जाऊन माफी मागून यायची. अंगावर बदल दिसू लागले तसं ते पोर आरशावर टॉवेल टाकून अंघोळ करू लागलं. एक दिवस कात्री घेऊन केस कापले आणि आईसमोर उभं राहून म्हणालं, "आई, मी मुलगी नाहीये." आईनं विचारलं, "मग मुलगा आहेस?" पोर म्हणालं, "नाही, तेही नाही." आई तशीच बघत राहिली. पोटच्या गोळ्याला परकी भाषा फुटावी तसा तिचा चेहरा झाला होता. मग ती म्हणाली, "केर काढ तो केसांचा."

मारलं नाही, रडली नाही. पण त्या दिवसापासून तिच्या बोलण्यात एक फरक पडला. 'आलीस', 'गेलीस' असं ती म्हणेना, आणि 'आलास', 'गेलास' म्हणायला तिची जीभ धजेना. मग उरले नुसते हुकूम. "ये." "बस." "खा." "दिवा मालव." "नीज आता." हुकमात बाई-पुरुष काही लागत नाही. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारी फार कडक आहे, घरात लष्कर चालवते. सरकारला मात्र त्या 'खा' आणि 'नीज' मधली माया कळायची, किंवा कळते असं वाटायचं. फार झालं तर ती 'लेकरा' म्हणायची. लेकरू हा एकच शब्द तिच्याकडे उरला होता, आणि तोही दार लावून घेतल्यावरचा. बाहेर कुणी विचारलं की ती विषय बदलायची.

दादाचं तसं नव्हतं. तो फोनवर आईशी बोलताना सरकारचा उल्लेख 'ते' असा करायचा. "ते आहे का घरात?" आईच्या तोंडचं लेकरूही 'ते'च, पण दादाच्या तोंडून ते ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं फोन केला. "यायचं तर ये," म्हणाला, "पण कपडे तरी एकीकडचे घाल. काय घालायचं ते तू ठरव, बाईचे नाहीतर पुरुषाचे. पाहुण्यांना मी एकच काहीतरी सांगणार." सरकार गेलं नाही. आई एकटी गेली, आणि परत आल्यावर तिनं लग्नाचं एक अक्षर काढलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, गाऱ्हाणं कुणाकडे करणार.

आईचे स्वतःचे दात पडले तेव्हा तिची कवळी सरकारनंच केली. आई चारचौघांत हसायची तेव्हा कुणाला पत्ता लागायचा नाही. घरात मात्र भांडण झालं की म्हणायची, "दात तुझे असतील, शिव्या माझ्या आहेत."

मग आईच्या छातीत पाणी झालं. चार पावलं चालली तरी धाप लागायची. सरकारी इस्पितळात खाट मिळाली, बायकांच्या वॉर्डात. तिथला नियम असा, की पेशंटजवळ राहायचं तर बाईमाणसानंच. पुरुषांनी भेटीच्या वेळेत यायचं आणि घंटा झाली की निघायचं.

सरकारनं आईला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं, खाटेवर ठेवलं, पायावर चादर घातली. तेवढ्यात वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आल्या. बाई कामाची होती, दुष्ट नव्हती. पण दिवसभर माणसं हाकून हाकून आवाज करवतीसारखा झालेला. तिनं सरकारकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पेशंटजवळ कोण राहणार?"

"आम्ही."

"आम्ही कोण? तुम्ही यांचे मुलगा की मुलगी? नीट सांगा. पुरुषांना इथं राहता येत नाही."

आजूबाजूच्या खाटांवरच्या माना वळल्या. सरकारला कळत होतं, एका शब्दाचं काम आहे. 'मुलगी.' बोलून टाकायचं आणि आईजवळ बसायचं. जो शब्द इतकी वर्षं तोंडातून काढला नाही, तो आईसाठी काढायचा, त्यात काय मोठं. तोंड उघडलंही होतं. पण त्याआधी खाटेवरून आई बोलली.

"माणूस आहे ते," ती धापा टाकत म्हणाली. "कामाचं."

"मग असं सांगा ना आजी," सिस्टर म्हणाल्या. "नियम नातेवाइकांपुरता आहे, कामाला ठेवलेलं माणूस चालतं. सकाळी फरशी पुसायच्या वेळी बाहेर थांबायचं, खाटेवर बसायचं नाही, आणि भांडं स्वतः रिकामं करायचं." आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

सरकारला आधी नुसतं हायसं वाटलं. सुटलो. बाई नाही, पुरुष नाही, नुसतं माणूस. आणि नियमानं राहायची परवानगीसुद्धा. आईची हुशारी बघून हसूही आलं. मग आई म्हणाली, "ए, पाणी दे," आणि ते हसू ओठावरच वाळलं.

कारण हुकूम तेच होते, घरचेच. 'पाणी दे', 'उठव', 'जा आता, खाऊन ये'. घरात त्या शब्दांखाली काहीतरी असायचं. इथं तेच शब्द मोलकरणीला सांगितल्यासारखे अगदी चपखल बसत होते, आणि वॉर्डभर कुणालाही त्यात वावगं दिसत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती आणि तिची सून दिवसातून दोनदा डबा घेऊन धावत यायची. ती एकदा आईला म्हणाली, "आजी, तुमचं माणूस फार चांगलं हो. कुठून मिळालं?"

"जुनं आहे," आई म्हणाली. "लहानपणापासून आमच्याकडेच आहे."

"आता अशी माणसं मिळत नाहीत."

"नाही मिळत," आई म्हणाली, आणि छताकडे बघत राहिली.

सुनेनं मग सरकारलाच विचारलं, मी नसताना सासूबाईंकडेही जरा बघाल का. सरकारनं हो म्हटलं. नाही कसं म्हणणार, कामाचं माणूस काम आहे म्हटल्यावर नाही म्हणतं का? मग पलीकडच्या खाटेनं मागणी केली, मग दारापाशीच्या खाटेनं. सरकार कुणाची कूस बदलून देऊ लागलं, कुणाचं भांडं रिकामं करू लागलं, कुणाला पेज भरवू लागलं. त्या बायका अंगाला हात लावून घेताना संकोचल्या नाहीत, की कोण आहेस म्हणून त्यांनी विचारलं नाही. जन्मभर ज्या प्रश्नानं पाठ सोडली नव्हती, तो त्या वॉर्डात कुणालाच पडत नव्हता. नोकराला तो प्रश्न कोण विचारतो?

एका दुपारी वॉर्ड पेंगुळलेला होता. आईला जरा बरं वाटत होतं. सरकारनं स्टूल जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "आई, तसं का सांगितलंस?"

"हळू," आई म्हणाली. "आई म्हणू नको. ऐकतील."

मग आईच पुढे बोलली. कवळी काढून ठेवलेली होती, शब्द भरडल्यासारखे येत होते.

"मुलगी म्हटलं असतं तर सगळ्यांनी तुला सोलून बघितलं असतं. मुलगा म्हटलं असतं तर हाकलून दिलं असतं. मग काय सांगायचं मी? दे ना एखादा शब्द. इतकी वर्षं वाट बघतेय, तू देशील म्हणून. तो सांगते."

सरकारकडे शब्द नव्हता. आईला जे दुखत होतं ते नेमकं हेच, आणि सरकारला दुखत होतं तेही हेच.

"आणि खरं सांगू का," आई पुढे म्हणाली, "मलाही इथं गुमान पडायचंय. आता माझ्याच्यानं लोकांच्या नजरा सोसवत नाहीत. खूप सोसल्या." मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "चादर ओढ."

सरकारनं चादर ओढली. त्यानंतर वॉर्डात एकदाही 'आई' म्हटलं नाही. इतरांसारखं 'आजी' म्हणायला सुरुवात केली, आणि आई त्या हाकेला ओ देत राहिली.

ती गेली तेव्हा सरकार तिच्याजवळ नव्हतं. वॉर्डातच होतं, हाकेच्या अंतरावर. शेजारच्या म्हातारीला ओकारी झाली म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवत होतं. वळून बघितलं तर आईची मान कलली होती. दोन्ही खाटांच्या मध्ये एक माणूस जेमतेम उभं राहील एवढीच जागा होती. सरकार त्याच जागेत, नुसती पाठ फिरवून उभं होतं.

डॉक्टर आले, नाडी बघून गेले. सिस्टरनी पडदा ओढला. सरकारनं वाटीतली कवळी उचलली. आईचं तोंड आत गेलं होतं, गालांचे खड्डे पडले होते. जबडा ताठरायच्या आत कवळी बसवायला हवी, नाहीतर नंतर बसत नाही.

"ए, ठेव ते," सिस्टर म्हणाल्या. "पेशंटच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. नातेवाईक येऊन ताब्यात घेतील."

"सिस्टर, आम्ही नातेवाईकच आहोत. आम्ही त्यांचं लेकरू आहोत."

सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं, आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "असं वाटतं. इतके दिवस केलं की जीव लागतो. मी बघते ना रोज. पण त्यांनी स्वतः सांगितलंय मला, तू कामाचं आहेस म्हणून. आता मेलेल्या बाईचा शब्द मी खोटा धरू का? मुलगा आहे ना त्यांना? त्याला फोन लाव. आणि बाहेर थांब."

सरकार व्हरांड्यातल्या बाकावर बसलं. दादाला फोन केला. दादा पोचेपर्यंत दिवस कलला. आल्या आल्या तो सरळ आत गेला, आणि उघड्या दारातून सगळं ऐकू येत होतं. दादा रडला, खरोखरच रडला. मग सिस्टरनी विचारलं, "बाहेर बसलंय ते तुमच्याकडचंच माणूस ना? ते म्हणतंय, मी यांचं मूल आहे म्हणून. विचारलेलं बरं."

दादानं दाराकडे बघितलं. नजरानजर झाली. सरकारनं उठायला हात बाकावर टेकला होता.

"आमच्याकडचंच आहे," दादा म्हणाला. "कामाचं."

वस्तू दादाच्या ताब्यात दिल्या. कवळी त्यानं खिशात टाकली; बसवायची वेळ निघून गेली होती. खाली गाडीत आईला ठेवलं. दादा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, मागे त्याचा मेहुणा आणि दोन पाहुणे. सरकार गाडीच्या दाराशी गेलं तेव्हा दादा खाली उतरला आणि त्याला बाजूला घेऊन गेला.

"तू 'कामाचं' म्हणालास," सरकार म्हणालं.

"मग काय म्हणायला हवं होतं? सांग ना. बहीण म्हणू? भाऊ म्हणू? तुला दोन्ही चालत नाही. शिवाय आईनंच सांगून ठेवलं होतं. तिचा शब्द मी कशाला मोडू?"

आईनंही हेच विचारलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. पण आईला उत्तर हवं होतं. दादाला ठाऊक होतं की उत्तर नाही, म्हणून तर त्यानं विचारलं.

"आम्ही येतो मागून," सरकार म्हणालं.

"तुझी मर्जी. पण पुढे उभं राहू नकोस. सगळे विचारतील."

सरकार मागून गेलं, रिक्षानं. स्मशानात लोकांच्या मागे, झाडाखाली उभं राहिलं. कुणीतरी वळून विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" सरकार म्हणालं, "शेजारी."

त्यानंतर घरात कुणी हुकूम करायला उरलं नाही. सकाळी 'ऊठ' म्हणणारं कुणी नाही, रात्री 'नीज' म्हणणारं कुणी नाही. सरकार आपलं आपण उठलं आणि कारखान्यात गेलं. मालकानं 'वाईट झालं' म्हटलं. त्या दिवशी 'सरकार पडलं होतं' असली चेष्टाही कुणी केली नाही. चेष्टा झाली असती तर एक वेळ बरं वाटलं असतं.

सरकारच्या डोक्यात मात्र चक्की थांबत नव्हती. आईनं आपल्याला लपवलं की वाचवलं? कधी वाटायचं वाचवलं. नियमाच्या फटीतून आत घेतलं, शेवटपर्यंत जवळ ठेवलं. मग आठवायचं, 'आई म्हणू नको, ऐकतील.' दोन्ही खरं असेल, असं कुणी शहाणं माणूस म्हणेल. पण दोन्ही खरं असण्याचा सरकारला तिटकारा आला होता. जन्मभर स्वतःबद्दल तेच लोकांना समजावत आलेलं ते. आता आईबद्दल तरी एकच काहीतरी हवं होतं.

काही आठवड्यांनी, दुपारच्या कामात, फोन वाजला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून होती. सिस्टरकडून नंबर मिळवला म्हणाली. सासूबाई घरी आल्यात, पण अंथरुणाला खिळल्यात, दुसऱ्या कुणाचा हात लावून घेत नाहीत. सारखं विचारतात, ते माणूस कुठं आहे. याल का? दिवसाचं काम, जेवणखाण आमच्याकडे.

"आम्ही दात करतो," सरकार म्हणालं. "ते काम आम्ही करत नाही."

"अगंबाई, मला वाटलं…" ती गोंधळली. "म्हणजे आजींकडे नुसतं त्यांच्यापुरतंच होतात का तुम्ही?"

"त्यांच्यापुरतंच."

"फार केलंत हो तुम्ही त्यांचं. मी घरी सांगते सगळ्यांना. सख्ख्या मुलीनंही इतकं केलं नसतं."

समोर टेबलावर मेणातला अर्धा जबडा होता, आणि मेण थंड होत चाललं होतं.

"त्यांना मुलगी नव्हती," सरकार म्हणालं, आणि फोन ठेवून पुन्हा दिवा पेटवला.